परत आला नाही म्हणजे गुण आला

७ जुलै २०२५, सोमवार

लिहायला भाग पाडलं मंजुषाने. मंजुषा माझी सून. एमसीए झालेली आहे, त्यामुळे प्रश्न विचारते. आज सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "आई, तुमच्या सल्ल्याने किती जणांना गुण आला?" मी म्हटलं, सगळ्यांना. "कुठे लिहिलंय?" म्हणाली.

कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून आजपासून ही रोजनिशी. रोज लिहीन, थोडं लिहीन, खरं लिहीन. वाचायची कोणी नाही.

मुद्दे. कामरगावच्या गोदामाला एक खिडकी आहे. आधी सोसायटीची होती, आता शेतकरी कंपनीची. त्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसते आहे. लोक पिकाची तक्रार सांगतात, मी उपाय सांगते, दोन्ही वहीत लिहिते. तेवीस वह्या, २,३१६ तक्रारी. बी.एस्सी. ॲग्री, अकोला, १९८४. मुलींत पहिली. मुली दोन होत्या.

परवाच्या बैठकीत कंपनीचे अध्यक्ष जगदेव, इंझोरीचे, म्हणाले, "बाई, वह्या कपाटात हायेत, पण कोनती गोष्ट कोनत्या वहीत हे तुमच्या डोक्यात हाय. अन् डोकं काई कंपनीच्या नावावर नाई." तर सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं. दसऱ्याच्या आत. काम मंजुषाकडे. "मंग तुमी आराम करा," असंही म्हणाले. कौतुकाने म्हणाले.

अंगणातल्या लिंबाची पानं पिवळी पडताहेत. युरिया एक मूठ. आठ दिवसांत हिरवं झालं पाहिजे.

९ जुलै, बुधवार

मंजुषाने पद्धत समजावली. नवी तक्रार आली की मशीन जुन्या तक्रारींतली तिच्या सगळ्यात जवळची शोधणार. तिचा उपाय काढणार, नव्या शेताच्या मापाने थोडा कापून-जोडून देणार. मग गुण आला की नाही ते बघून ही तक्रारसुद्धा साठ्यात जमा करणार, म्हणजे पुढच्याच्या कामी येईल. मी म्हटलं, हेच तर मी एकतीस वर्षं विजेशिवाय करते आहे. "हो," म्हणाली, "फक्त शेवटची पायरी सोडून."

शेवटची पायरी म्हणजे निकाल. २,३१६पैकी ४१ ठिकाणी मी निकाल लिहिलेला आहे. हे एक्केचाळीस जण परत भांडायला आले होते. बाकीचे २,२७५ परत आलेच नाहीत. अर्थ उघड आहे. मी नियम सांगितला: चौदा दिवसांत परत आला नाही म्हणजे गुण आला. बरा झालेला माणूस डॉक्टरकडे जातो का?

"मेलेलाही जात नाही, आई."

मी तिला चहा ठेवायला सांगितला. नियम कायम. यश अठ्ठ्याण्णव टक्के.

१५ जुलै, मंगळवार

मशीन आडमुठं आहे. 'पिवळं' विचारलं की जिथे 'पिवळं' लिहिलंय तेवढंच दाखवतं. मी एकतीस वर्षांत पिवळसर, फिकट, जर्द, हळद लावल्यागत, रंग उतरलेलं असं पुष्कळ काही लिहिलं आहे. माझी भाषा समृद्ध आहे, त्याला मी काय करू.

मंजुषाने तोडगा काढला. विचारणा सैल करायची. मशीनला हो की नाही विचारायचं नाही, किती ते विचारायचं. 'जर्द' म्हणजे पूर्ण एक. 'पिवळसर' ०.७. 'रंग उतरलेलं' ०.४. 'साधारण महिन्याचं पीक' म्हणजे तीस दिवसांचं असेल तर उत्तम, पंचवीस ते चाळीसही चालेल, पण गुण कमी. मग कोणती गोष्ट किती महत्त्वाची तिला तितकं वजन द्यायचं आणि सगळ्याची बेरीज टक्क्यांत. ऐंशीच्या वर आलं तर विश्वास ठेवायचा.

हे मला पटलं. आकडे मीच दिले. यांना (पलंगावर, पेपरसह) विचारलं, फिकट आणि पिवळसर यात फरक काय. म्हणाले, "लग्नाआधीचा मी आणि नंतरचा." यांचं मत धरलं नाही.

दुपारी खिडकीवर एक जण सांगून गेला, "बाई, पीक रुसल्यावानी दिसून राह्यलं." रुसल्यावानीचा कॉलम नाही. मंजुषाने भरलं: कोमेजलेलं ०.६, वाढ खुंटलेली ०.४. अगदी बरोबर. माझ्या नणंदेलाही लागू पडतं.

लिंबाला आणखी एक मूठ.

२२ जुलै, मंगळवार

एंट्री संपल्या. मंजुषाचं मनगट दुखतं म्हणे. मी एकतीस वर्षं लिहिलं, माझं दुखलं नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं.

तिला वह्यांत एक गोष्ट आवडली. म्हणाली, "आई, तक्रार तुम्ही फार छान लिहून घेता. माणूस बोलला तशीच." मी म्हटलं, आणि उपाय? ती म्हणाली, "उपायाचं अक्षर सुंदर आहे."

२८ जुलै, सोमवार

पहिली खरी परीक्षा. पास.

सकाळी नऊला तांड्यावरची रुपाबाई आली. तीन कोस चालत. नवरा किशन आणि ती दोघं दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. दीड एकर आहे, त्यात सोयाबीन. पदराच्या गाठीतून एक पान काढून खिडकीवर ठेवलं. "बाई, पिवयं पडून राह्यलं. अर्धं वावर पडलं."

मी म्हटलं, किती दिवसांचं? पस्तीस. ठिगळ ठिगळ की सगळीकडे? "खालच्या अंगाला सारं, वरच्या अंगाला नाई."

मग स्वतःहूनच सांगितलं. मुलगी रंजीता बारावीला आहे. पीक आलं तर या साली किशन एकटाच जाईल, मायलेकी घरी राहतील. नाही आलं तर तिघं जातील. "पीक गेलं तं उसाच्या कोयत्याले आणखी एक मानूस लागते न बाई. मी एकटी त्याच्यासंगं पुरत नाई." हे ती पान पडलं म्हणून सांगावं तसं सांगत होती.

मी म्हटलं, काळजी करू नको, आता मशीन आहे.

ऐंशीला काही नाही. सत्तरला काही नाही. साठ, पन्नास. एक्केचाळीस टक्क्यांना एकच नोंद आली: 'पिवळे, तीन आठवडे, खाली मान, भूक नाही. उपाय: उसाचा रस, तेलकट बंद.' ही २००३ सालची यांची कावीळ. त्या दिवशी हाताशी दुसरा कागद नव्हता. रुपाबाई म्हणाली, "रस शिंपडू का?"

मी मंजुषाला बाजूला केलं आणि वजनं स्वतः बदलली. जमिनीचं वजन शून्य, कारण जमीन जमीनच असते. कोणतं पान, कोवळं की जून, याचंही शून्य, कारण तिने एकच आणलं होतं. रंगाला सगळं वजन. लगेच त्र्याहत्तर टक्के. नोंद क्रमांक १,१४७, साल १९९८, इंझोरी. सोयाबीन, छत्तीस दिवसांचं, ठिगळं ठिगळं पिवळं. रोग: पिवळा मोझॅक. उपाय: पिवळी झाडं सगळी उपटून पुरा. निकाल: गुण आला.

मंजुषा हळूच म्हणाली, "आई, उत्तर सापडेपर्यंत तुम्ही प्रश्न बदलत गेलात." मी म्हटलं, यालाच सैल विचारणा म्हणतात. ती म्हणाली, "खालच्या अंगाला पाणी साचतं का, ते विचारू या का?" पाण्याचा कॉलमच नाही. एकतीस वर्षांत मी लिहिलं नाही, म्हणजे महत्त्वाचं नव्हतं.

रुपाबाईला सांगितलं, पिवळी सगळी उपटायची, आजच.

"म्हंजे अर्धं वावर उपटू?"

अर्धं उपटलं तर अर्धं वाचेल, मी म्हटलं.

"बरं," म्हणाली. मग "बरं." मग पायऱ्या उतरताना आणखी एकदा "बरं, बाई." आज्ञाधारक बाई. अशीच माणसं पुढे जातात.

२ ऑगस्ट, शनिवार

रुपाबाई परत आली नाही. नियमाप्रमाणे चिन्ह चांगलं.

मंजुषा म्हणते तांड्यावर जाऊन बघू. मी म्हटलं, आपण गेलो तर निकालावर आपला परिणाम होतो. निकाल आपोआप आला पाहिजे. ती म्हणाली, "बघितल्याने सोयाबीन लाजत नाही." तरी बुधवारी जायचं ठरवलं आहे. नक्की.

६ ऑगस्ट, बुधवार

गेले नाही. रस्त्यात चिखल, गुडघा, आणि यांना डाळ मऊ लागत नाही म्हणून पुन्हा शिजवावी लागली. तीन कारणं पुरेशी आहेत.

लिंबाची पानं गळताहेत. नवी येण्याआधी जुनी गळतातच.

११ ऑगस्ट, सोमवार

चौदा दिवस पूर्ण. रुपाबाईची नोंद मशीनने आपोआप 'गुण आला' केली. नियम मीच सांगितला होता, तरी स्क्रीनवर बघून बरं वाटलं. नोंद क्रमांक २,३१८. मशीन शिकतं आहे.

मंजुषाने ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. हल्ली ती सायंकाळी गच्चीवर जाऊन फोनवर बोलते. माहेरी बोलत असावी. लांबलचक बोलते, मधेच हसते. हसण्यासारखं तिच्या माहेरी काय आहे, देव जाणे.

१८ ऑगस्ट, सोमवार

आठवड्यात पाच 'पिवळं'. पाचही वेळा मशीनने रुपाबाईची नोंद वर आणली, कारण ती ताजी आणि गुण आलेली. पाचही जणांना सांगितलं: उपटा. वेळ किती वाचतो. एकाला दीड मिनिट.

पाचवे मदनसिंग. संत्र्याची झाडं पिवळी. मशीनच्या मते सोयाबीन आणि संत्रा यांत ०.३ साम्य आहे, दोन्ही पिकं म्हणून. वजनं नीट लावल्यावर एक्काहत्तर टक्के. मी म्हटलं, उपटा. मदनसिंगांनी हाताने झाडाची उंची दाखवली. म्हणाले, "बाई, बारा वरसाचं झाड हाय. क्रेन लागन." मी म्हटलं, रोगापुढे वय बघायचं नसतं. नमस्कार करून गेले. परत आलेले नाहीत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बाजारात रुपाबाई दिसली, रंजीताही बरोबर होती. मला बघताच दोघी झुलींच्या दुकानामागे गेल्या. मी तिथून निघेपर्यंत तिथेच उभ्या होत्या, बैल नसताना. गुण आला की माणसं संकोचतात.

जगदेवांनी निरोप दिला: ९ सप्टेंबरला रिसोडला मेळावा आहे, चार तालुक्यांच्या कंपन्या येणार, बाईंनी पद्धत दाखवावी. भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य तयार: 'अनुभव हाच डेटाबेस.' दुसरं वाक्य उद्या.

४ सप्टेंबर, गुरुवार

दुसरं वाक्य अजून नाही. पहिलंच दोनदा म्हणेन.

मंजुषाने विचारलं, "मेळाव्यात कोणती नोंद दाखवणार?" अर्थातच १,१४७. मूळ नोंद, सत्तावीस वर्षांपूर्वीची, आजही कामी येणारी. ती म्हणाली, "आई, त्या शेतकऱ्याचं नाव बघितलंत?" मी म्हटलं, नाव बघून सल्ला देणारी मी नव्हे.

९ सप्टेंबर, मंगळवार

रिसोडहून परत. एसटीत बसून लिहिते आहे, अक्षर हलतं आहे, मी नाही.

हॉल भरलेला. मंजुषाने लॅपटॉप लावला. मी 'अनुभव हाच डेटाबेस' दोनदा म्हटलं. सैल विचारणा, वजनं, टक्के, सगळं सांगितलं. लोक मान डोलवत होते. मग मी पडद्यावर १,१४७ उघडली, मोठ्या अक्षरात. साल, गाव, तक्रार, उपाय, निकाल: गुण आला. आणि सगळ्यात वर नाव. जगदेव, इंझोरी.

व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेले जगदेव चष्मा लावून पडद्याकडे बघू लागले. म्हणाले, "बाई, हे तं माह्यं वावर."

मी म्हटलं, अध्यक्षांचीच साक्ष मिळाली.

"गुन कायचा आला?" माईक त्यांच्या हातात होता, हे दुर्दैव. "तुमी म्हनलं पिवयं ते सारं उपट. म्या उपटलं. उपटता उपटता सारंच पिवयं झालं. मंग रोग राह्यला कुठं अन् पीक राह्यलं कुठं? हरबऱ्यापर्यंत वावर मोकयं. माह्यी बायको तवापासून तुमाले उपटबाई म्हनते."

मी विचारलं, मग परत येऊन सांगितलं का नाही?

"परत येऊन काय उपटू?"

हॉल हसला. चारही तालुके हसले. चहा देणारी बाई कप खाली ठेवून हसली.

शांतपणे विचार केला तर जगदेवांनी भरसभेत मान्य केलं आहे की रोग गेला. नोंद चूक नाही. उपाय आणि निकाल दोन्ही तंतोतंत.

वाशीम सोडलं. मंजुषा खिडकीपाशी बसली आहे.

रुपाबाईचं अर्धं वावर. खालचं अंग सगळं पिवळं होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त.

रंजीता बारावीला आहे, असं म्हणाली होती.

कारंजा आलं. पुढे लिहिता येत नाही, बस फार हलते.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी सात वाजता मंजुषाच्या स्कूटीवर मागे बसून तांड्यावर. गुडघ्याचा विचार केला नाही. यांची डाळ तशीच.

वाटेत ठरवलं होतं की कबूल करायचं. कसं ते ठरलं नव्हतं. रंजीताच्या फीचं बघीन, बारावीचं बोर्डिंग बघीन, असं काहीबाही डोक्यात.

वावर उभं होतं. सगळं. खालचं अंग वरच्या अंगापेक्षा गडद, कमरेपर्यंत, शेंगा भरलेल्या. मी बांधावर उभी राहून दोनदा मोजायचा प्रयत्न केला, पण उभ्या पिकात मोजायचं काय.

रुपाबाई खुरपं घेऊन आली आणि आम्हाला बघून मटकन बांधावर बसली. "बाई, रागावू नका. म्या उपटलं नाई."

मी म्हटलं, काहून? (माझ्या तोंडून असंच निघालं.)

"वावर खोलगट हाय न. पानी मुरत नाई. चर काढला, डवरा मारून माती मोकयी केली, पानी गेलं तसं आठ दिसात हिरवं झालं." मग घाईने म्हणाली, "पन ह्या बांधाच्या धुऱ्याजवळचे दहा झाडं उपटले. तुमच्या सबदासाठी."

पाणी साचून लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, पाणी काढलं की हिरवी होतात. हे मला माहीत आहे. ८३ साली पेपरात आलं होतं. मी लिहिलंही होतं, पाच मार्क होते.

मी विचारलं, तुला माहीत होतं तर तीन कोस चालत माझ्याकडे कशाला आलीस?

ती मंजुषाकडे बघायला लागली. मंजुषा म्हणाली, "सांगा, मावशी. आईंना ऐकायचंय."

"तुमी एक गोष्ट पक्की करून टाकता, बाई," रुपाबाई म्हणाली. "तेवढी सोडून मंग बाकीचं पाहाचं. सोपं जाते. आमच्या तांड्यात समदे असंच करतात." मग म्हणाली, "अन् तुमी बोलनं लिवून घेता. माह्या बोलन्याचं दुसरं कोन लिवून घेते?"

चहा दिला. रंजीताने आणला. काळा, गुळाचा. पुस्तक काखेत होतं. मी विचारलं कोणता विषय, ती म्हणाली जीवशास्त्र, आणि एकदम आत पळाली. किशन या साली एकटाच जाणार.

परतताना मंजुषा म्हणाली, "मदनसिंगांनीही झाडं उपटली नाहीत." मी म्हटलं, तुला कसं माहीत? "क्रेन मिळाली नाही म्हणाले. तुमचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून क्रेनवर ढकललं."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गच्चीवरचं बोलणं माहेरी नव्हतं.

जुलैपासून मंजुषा वह्यांतल्या लोकांना फोन करते आहे. लॅपटॉपमध्ये एक कॉलम तिने माझ्यापासून लपवून ठेवला होता: 'खरं काय केलं.' आज दाखवला. १८७ जण सापडले. सांगितलं तसंच केलं, असे बावीस. त्यातले एकोणीस आपल्या एक्केचाळिसांतले, भांडायला आलेले. बाकी १६५ जणांनी माझं ऐकून घेतलं, बरं म्हटलं आणि घरी जाऊन आपल्या डोक्याने केलं. त्यांपैकी १३२ जणांची पिकं आली.

म्हणजे जे परत आले नाहीत त्यांना खरोखरच गुण आला होता. नियम बरोबर होता. कारण थोडं वेगळं होतं.

मंजुषाने मशीनमध्ये 'उपाय' कॉलम काढून तिथे 'खरं काय केलं' लावला, पाण्याचा कॉलम नवा घातला, वजनं परत पहिल्यासारखी केली, आणि रुपाबाईची तक्रार जशीच्या तशी टाकली. 'खालच्या अंगाला सारं, वरच्या अंगाला नाई.' अठ्ठ्याऐंशी टक्के, एकाच फटक्यात. नोंद ६०२, प्रयागबाई, साल १९९६. मी सांगितलं होतं फवारा. तिने काढला होता चर.

"आई, तक्रारी तुम्ही इतक्या तपशिलात लिहिल्यात, म्हणून मशीन चालतं," मंजुषा म्हणाली. "पाण्याचंसुद्धा आहे त्यात, कॉलम नव्हता इतकंच. एकही तक्रार फुकट गेली नाही." उपायांबद्दल काही बोलली नाही. चहा तिनेच ठेवला, मी न सांगता.

मी विचारलं, मग मेळाव्यात मला थांबवलं का नाहीस? ती म्हणाली, "नाव बघा म्हटलं होतं." म्हटलं होतं. ४ तारखेला आहे, वर वाचलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

जगदेव घरी आले. मशीन चालतं म्हणून खूश. दसऱ्यापासून खिडकी मंजुषाकडे. "म्या म्हनलंच होतं, मंग तुमी आराम करा." या वेळी कौतुकाने म्हणाले का, ते यांना विचारलं. म्हणाले, "आधीही कौतुकाने नव्हते म्हणाले."

जगदेव जाताना अंगणात लिंबापाशी थांबले. म्हणाले, "हे उपटता का?" आणि गालातल्या गालात हसत गेले. सत्तावीस वर्षं वाट बघितली माणसाने.

लिंबाला सहा पानं उरली आहेत. आतापर्यंत युरिया नऊ मुठी. दहावी देणार नाही, असं ठरवलं. संध्याकाळी दिली.

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा

सकाळी खिडकीवर फुलं वाहिली. मंजुषा आत बसली, मी बाहेर. एकतीस वर्षांत ही खिडकी बाहेरून कधी बघितली नव्हती. उंच आहे. टाचा उचलाव्या लागतात. कोणी सांगितलं नाही.

रंजीता आली होती, सोनं द्यायला. रुपाबाईने सोयाबीनच्या शेंगांची एक जुडी पाठवली होती, खालच्या अंगाची. "आई म्हणाली, बाईंना दे." मी बरं म्हटलं.

रांगेत माझा नंबर तिसरा होता. माझी वेळ आल्यावर मंजुषाने पेन उघडलं आणि म्हणाली, "बोला." मी सांगितलं: लिंबू, सात वर्षांचं, तीन महिन्यांपासून पिवळं, पानगळ. तिने सगळं लिहून घेतलं, मी बोलले तसंच. पाणी किती? मी सांगितलं रोज दोन बादल्या. खत? सांगितलं. तिने मान वर केली नाही. मशीनने चौऱ्याऐंशी टक्क्यांची नोंद काढली. मंजुषा म्हणाली, "पाणी बंद, खत बंद, झाडाला काही दिवस एकटं सोडा."

"बरं," मी म्हटलं. मग "बरं." मग पायऱ्या उतरताना आणखी एकदा.

आज मंजुषाला सुपूर्द केलं ते असं:

लाल पुठ्ठ्याच्या वह्या, तेवीस. खिडकीची किल्ली, एक. गोदामाच्या कपाटाची किल्ली, एक, गंजलेली, खाली दाबून फिरवावी लागते. शाई पॅड, कोरडं. लाकडी खुर्ची, डावा हात ढिला. 'खरं काय केलं' हा कॉलम तिचाच होता, तिचा तिच्याकडे. नोंद क्रमांक १,१४७, निकाल खोडून, 'गुण आला'च्या जागी 'पीक गेलं', माझ्या सहीने. युरियाची पिशवी, उरलेली निम्मी, मागितली म्हणून दिली.

लिंबाचं पान, पिवळं, एक. तपासणीसाठी. नोंद क्रमांक २,३४०. पोच मिळाली.